भुरीचा उजवा पाय

१

किंकाळी म्हाताऱ्या इल्गेची होती. ती ऐकून वस्तीतला एकही माणूस मदतीला धावला नाही. उलट जे बाहेर होते ते आत पळाले, केसाळ हत्तीच्या खवाट्याची रुंद हाडं दारांना लावली आणि तोंडावर हात घेऊन बसले. रीतच होती तशी. भुरी येऊन गेली की तिच्या मागाकडं बघायचं नाही. भुरीच्या वतीनं बोलणारा म्हातारा बार्तु शिंग फुंकेल तेव्हाच डोळे उघडायचे.

भुरी म्हणजे सिंहीण. कुणी तिला पाहिलेलं नव्हतं, पण नायक ओर्दुकच्या शब्दाबाहेर जो गेला त्याला ती घेऊन गेली होती. मांसाच्या वाटणीवरून कुरकुर करणारा गेला. ही वस्ती सोडून जाऊ म्हणणारी कोश्माची दोन्ही पोरं गेली. नेशकाचा नवरा रूवान गेला. त्यानं फक्त विचारलं होतं, की भुरीला एकट्या ओर्दुकचंच कसं ऐकू येतं. ओर्दुकचा सख्खा पाठचा भाऊ केम, तोही गेला. दर वेळी तेच. बर्फात पंज्यांचे ठसे, मान फाडलेलं प्रेत, आणि बार्तुचं शिंग. ज्याला सांगितलं असेल त्यानं शिंग वाजेपर्यंत, न बघता, ठशांवर राख पसरलेली असे.

आज शिंग वाजेचना. बराच वेळ वाट पाहून लोक एकेक करून बाहेर आले. बार्तु ओर्दुकच्या दारात उभा होता. शिंग हातात होतं, पण फुंकायला छातीत श्वास नव्हता.

"कुणाला नेलं?" कोश्मानं खालच्या आवाजात विचारलं.

बार्तु बाजूला सरला. आत, चरबीच्या दिव्याच्या उजेडात, स्वतः ओर्दुक मान फाडून पडला होता.

२

ओर्दुकचा धाकटा भाऊ तामूर नदीपलीकडच्या शिकारतळावरून आला तेव्हा वस्ती दारासमोर गोळा झाली होती. त्याच्यामागं भालेवाली तरणी पोरं होती. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि बाहेर येऊन बार्तुसमोर उभा राहिला.

"बोल. तुझी भुरी काय म्हणते?"

बार्तुचा श्वास आता परत आला होता. "भुरी रागावलीय. तिच्या धन्याविरुद्ध घरातच कुणीतरी कट केला, म्हणून ती उलटली. तिला एक जीव हवाय. पोरासारखा आहेस तू मला, पण तिनं तुझंच नाव घेतलंय."

"वा! धनी मेला तरी कुत्रं भुंकतंय म्हणायचं." तामूर हसला, पण डोळे हसले नाहीत. "म्हाताऱ्या, हे माणसाचं काम आहे. आणि या दारातून रोज आत-बाहेर करणारा माणूस तू आहेस."

भाले वर झाले. ओर्दुकच्या राखणदारांनीही भाले उचलले. दोन्हीकडं चुलतभाऊच होते. एक हात चुकून पुढं झाला असता तर संध्याकाळपर्यंत अर्धी वस्ती उरली नसती.

"थांबा," नेशका म्हणाली. "मला माग बघू द्या."

बायकांच्या घोळक्यातून हाय निघाली. कोश्माकाकानं तिचा हात धरून मागं ओढलं. "वेडी का काय तू? डोळे जातील!"

"माझा बाप, आजा, सगळे माग काढणारे. मी आजवर हरणाचा बघितला, लांडग्याचा बघितला, अस्वलाचा बघितला. रूवान गेला तेव्हा आमच्या अंगणातला माग तेवढा बघू दिला नाहीत तुम्ही मला."

तामूर तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बघू दे तिला. गेले तर तिचेच डोळे जातील."

बार्तुनं समोरचे भाले नजरेनं चाचपले आणि मान हलवली. "बघू दे. पण दिवस मावळायच्या आत मारणारा दाखवला नाही, तर भुरीला हिलाच देऊ."

"कबूल," तामूर म्हणाला.

त्या दिवशी त्या दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

३

दारासमोरच्या बर्फाचा गर्दीनं तुडवून चिखल झाला होता. मागची बाजू मात्र शाबूत होती. घरापासून राखेच्या ढिगाकडं जाणारी ती वाट, आणि तिच्यावर भुरीचे ठसे. तिकडं कुणी फिरकलंच नव्हतं.

लहानपणापासून जे बघायचं नाही म्हणून शिकवलं, ते बघायला नेशकाची मान खाली जाईना. शेवटी ती बसली आणि डोळे उघडले.

ठसा मोठा होता, खराखुरा सिंहिणीचा. आतल्या बाजूचं नख अर्धं तुटलेलं. तिनं पुढचा पाहिला. आतल्या बाजूचं नख तुटलेलं. त्याच्या पुढचा. तेच. ती रांगत रांगत ढिगापर्यंत गेली आणि तिथंच बसून राहिली.

सगळे ठसे पुढच्या उजव्या पायाचे होते.

चारही पाय उजवे असणारं जनावर तिच्या आज्यानंही पाहिलं नव्हतं. आणि हे जनावर नदीकडून आलेलं नव्हतं, रानातून आलेलं नव्हतं. ते राखेच्या ढिगातून निघून थेट ओर्दुकच्या भिंतीशी गेलं होतं. जणू तिथंच उगवलं होतं.

रूवान. केम. कोश्माची पोरं. एक वाळका पंजा, आणि तो काठीला बांधून बर्फात टेकवणारा माणूस! तिनं बर्फानं तोंड पुसलं आणि पुन्हा वाकली.

रात्री पडलेलं बर्फ अजून कोवळं होतं. त्याच्यावरून काहीतरी रुंद ओढत नेल्याचा सपाट पट्टा होता. माणसाचं पाऊल म्हणून एकही राहिलेलं नव्हतं, ओढलेल्या चामड्यानं सगळं पुसलं होतं. पट्टाभर राख सांडली होती, ताजी, अजून करडी. तिनं एका ठशात बोट घातलं. राख ठशाच्या वर नव्हती. ठशाच्या तळाशी होती, पंज्यानं दाबून बर्फात रुतवलेली.

नेशका उठली. आता तिला ओर्दुकचं प्रेत बघायचं होतं.

४

आत सगळं जागच्या जागी होतं. दाराचं हाड फुटलेलं नव्हतं. कुणासाठी तरी ओर्दुकनं ते आपल्या हातानं बाजूला केलं होतं. चुलीत नवी हाडं धडधडून जळत होती. चूल स्वच्छ होती, जुनी राख पार काढलेली.

मानेवर चार लांब ओरखडे होते. खोल होते, पण रक्त फारसं नव्हतं. मेलेल्या हरणाला सोलताना असंच होतं, कातडं फाटतं पण रक्त उसळत नाही. तिनं ओर्दुकचं डोकं वळवलं. कानाखाली एक बारीक भोक होतं, आरीनं चामड्याला पाडतात तसं. सगळं रक्त तिथून गेलं होतं.

मग तिला त्याचे केस दिसले. डाव्या बाजूचे केस विंचरलेले, चरबी लावून चापून बसवलेले. उजव्या बाजूला जटा. त्या जटांतून एक ऊ संथपणे चालली होती.

वस्तीतल्या सगळ्यांना ज्याची धडकी भरायची, तो माणूस कुणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवून, कान वर करून, निवांत पडला होता.

५

बार्तु आपल्या घरात एकटाच बसला होता.

"हातांकडं बघतेस होय माझ्या?" त्यानं हात पुढं केले. बोटं नव्हती, थंडीनं खाऊन टाकलेली. "अंगठे तेवढे राहिलेत. शिंग धरायला पुरतात."

"आरी धरायला?"

"मांस कुणीतरी भरवतं मला, तुला ठाऊक आहे. आरी कसली धरतो!"

"बार्तु, भुरीचे चारही पाय उजवे आहेत."

चुलीतलं हाड फुटून आवाज झाला तसा बार्तु दचकला. "पोरी, हे मला का सांगतेस? मी शिंग फुंकतो. फुंक म्हटलं की फुंकतो. दुसरं मला काही माहीत नव्हतं."

"नव्हतं?"

"माहीत करून घेतलं असतं तर शिंग दुसऱ्याच्या हातात गेलं असतं."

ओर्दुकची बायको सोल्वे बायकांच्या मोठ्या घरात होती. तिला परक्या वस्तीतून पळवून आणलेलं होतं. रात्रभर ती एका अडलेल्या बाळंतिणीपाशी बसून होती आणि घरभरच्या बायका त्याला साक्षी होत्या.

"मेला का खरंच?" तिनं पहिलं तेच विचारलं. "नीट बघितलंस ना? श्वास बघितलास?"

"बघितला. तू त्याचे केस विंचरायचीस?"

सोल्वे मोठ्यानं हसली, मग बाळंतिणीकडं बघून आवाज खाली आणला. "मी? एकदा डोक्यावरची काडी काढायला गेले तर मनगट पिरगाळलंन. हे बघ, अजून वाकडंच आहे. उवांनी खाल्लं तरी मला हात लावू द्यायचा नाही. मला काय, भालेवाल्यांनाही पाठ दाखवायचा नाही तो."

तामूर भाल्याच्या टोकाला धार लावत उभा होता. तो रात्रभर तळावर असल्याचं त्याच्या पोरांनी सांगितलं होतं, आणि नदीवरच्या कोवळ्या बर्फात त्यांची सकाळी येतानाची एकच रांग उमटलेली नेशकानं पाहिली होती.

"मी मारला असता तर पुढून भाला घातला असता," तो म्हणाला. "आणि सगळ्यांना बघायला बोलावलं असतं."

"तो मेलेला हवा होता ना तुला?"

"हवा होता. थंडीत कुणाला ऊब नको असते? पण नेशके, मारणारा सापडला पाहिजे. नाहीतर बार्तु मला सुखानं जगू द्यायचा नाही."

"सापडलाय," ती म्हणाली.

तामूरचा हात थांबला. पण नेशका वळून निघून गेली होती.

६

इल्गे आपल्या छोट्या घरात, गुडघे छातीशी घेऊन बसली होती. ओर्दुक, केम आणि तामूर, तिघेही तिच्या पोटचे. सकाळी निखारे नेऊन थोरल्याची चूल पेटवायची, राख काढायची, हे काम तिनं कुणाला करू दिलं नव्हतं.

"इल्गेआई, सकाळी काय झालं ते सांगशील?"

"काय सांगू बाई. निखारे घेऊन गेले. दारात पाऊल टाकलं तर तो तसा पडलेला. तिथंच किंचाळले. नंतर आत गेलेच नाही. जाववलंच नाही."

"मग चूल कुणी पेटवली? राख कुणी काढली?"

म्हातारीनं वर पाहिलं.

"रात्री बर्फ पडलं," नेशका हळू आवाजात म्हणाली. "राख त्या बर्फावर आहे, म्हणजे आज सकाळची. भुरीचे ठसे राखेवर आहेत, म्हणजे राख नेल्यानंतरचे. तू म्हणतेस तू आत गेलीच नाहीस. तर मग भुरी यायच्या आधी तुझ्या पोराची राख ओढत नेली कोणी? बार्तुला बोटं नाहीत. सोल्वेला तो डोक्याला शिवू देत नव्हता. तामूर नदीपलीकडं होता. आई, त्याचे अर्धे केस विंचरायचे का ठेवलेस?"

इल्गे सावकाश उठली, अंथरुणाची कातडी बाजूला केली आणि एक लांब काठी काढून नेशकाच्या पुढ्यात ठेवली. काठीच्या टोकाला वाळलेला पंजा होता. आतलं नख अर्धं तुटलेलं.

"मागच्या उन्हाळ्यात त्याच्या अंथरुणाची कातडी वाळत घालायला काढली, तेव्हा हे सापडलं," ती म्हणाली. "परत होतं तिथं ठेवून दिलं. रोज त्याची चूल पेटवत राहिले. हाच केमला मारणारा, हे कळूनही पेटवत राहिले. काय करणार होते? एक गेला होता, दुसऱ्यालाही घालवू? आज डोकं मांडीवर ठेवून पडला, लहान असताना पडायचा तसा. म्हणाला, आई, भुरीला तामूरची भूक लागलीय गं. असं म्हणाला आणि डोळे मिटले. त्याला वाटलं, मी विंचरतच राहीन."

बाहेर कुणीतरी खोकलं. दोघी गप्प बसल्या. पावलं पुढं निघून गेली.

"मी कुणाला सांगणार नाही," नेशका म्हणाली.

"मग तुला देतील भुरीला."

"देऊ देत."

"मूर्खासारखं बोलू नकोस!" म्हातारीनं तिचं मनगट धरलं. त्या हातात अजून जोर होता. "सांग. माझं नाव घेऊन सांग. आणि हा पंजा सगळ्यांपुढं टाक. एकदा बघितला की कोण घाबरेल? तामूर चांगला आहे. त्याला कळू दे, आईनं काय केलं ते. पुन्हा कुणाचं पोर असं जायचं नाही."

नेशकानं पंजा उचलला. आज पहिल्यांदा तिला वाटलं, की हे खरंच होऊ शकेल.

७

दिवस अजून टेकडीवर होता. सगळी वस्ती जमली होती. नेशका मधोमध गेली आणि पंजा बर्फावर टाकला.

"ही तुमची भुरी," ती म्हणाली.

तिनं सगळं सांगितलं. उजवे ठसे, आरीचं भोक, विंचरलेले केस, राख. इल्गेचं नावही तिनं सांगितलं. शेवटी म्हणाली, "सिंहीण नव्हतीच कधी. ओर्दुक होता आणि ही काठी होती. या बघा. हात लावून बघा!"

कुणी हललं नाही. मग कोश्मा पुढं आला. त्यानं वाकून पंज्याला बोट लावलं, तुटलेलं नख चाचपलं, काठीची गाठ बघितली. लोक मान उंचावून त्याच्याकडं बघत होते.

"म्हणजे माझी पोरं..." कोश्मा म्हणाला. "माणसानं मारली? ह्यानं?"

"हो, कोश्माकाका."

"आणि त्या ठशांवर राख मी टाकली. मला सांगितलं, म्हणून मी टाकली. बघितलं असतं तर दिसलं असतं." तो आजूबाजूला बघू लागला, पण त्याच्याकडं कुणी बघेना. प्रत्येकानं कधी ना कधी राख टाकली होती. "नाही," तो म्हणाला. "नाही, नाही. माणूस असता तर आम्ही गप्प बसलो असतो का? आम्ही इतके जण होतो!"

आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बार्तु इतका वेळ याचीच वाट बघत होता. त्याचं शिंग वाजलं. "भुरीनं आपला पाय धाडलाय!" तो ओरडला. "जुना धनी तिनं टाकला, म्हातारीच्या हातून टाकला! नव्या धन्याला तिनं पाय धाडलाय! बघू नका! बघू नका!"

एकामागून एक हात वर गेले. कुणी पोरांची तोंडं आपल्या कुशीत दाबली. थोड्या वेळात त्या सगळ्या गर्दीत फक्त तिघांचे डोळे उघडे राहिले होते.

"तामूर," नेशका म्हणाली, "तुझ्यासाठी केलंय तिनं. तू एकदा म्हण, की हे लाकूड आहे. तुझं ऐकतील."

तामूर खाली बघत होता. चेहऱ्यावर आधी खरंच दुःख होतं, ते नेशकानं पाहिलं. मग त्यानं झाकलेल्या तोंडांवरून नजर फिरवली. आपण अजून एक शब्दही बोललो नाही, आणि एकानंही भाला धरलेला नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं काठी उचलली. हातात तोलून बघितली.

"बार्तु," तो म्हणाला, "आईनं नायकाला मारलं. त्याला रीत काय?"

बार्तु त्याच्या तोंडाकडं बघत राहिला, मग मान झुकवून म्हणाला, "बर्फावर बसवायचं, धनी."

८

म्हातारीला सभेला येववलं नव्हतं. नेशका तिला न्यायला आली तेव्हा ती आपली कातडी आवरून तयार होती. नदीवर दोघीच गेल्या. बर्फाखालून पाण्याचा आवाज येत होता.

"शिंग वाजलेलं ऐकलं मी," इल्गे म्हणाली. "शेवटचं वाजलं ना?"

"हो, आई."

"लोक काय म्हणाले?"

"कोश्मा पुढं आला. हात लावून बघितला त्यानं."

"मला वाटलंच होतं. कोश्मा भला माणूस." ती बर्फावर बसली, पाय पोटाशी घेतले. "आणि तामूर? तो का नाही आला गं?"

"रडतोय. लोकांसमोर येववेना त्याला."

"हळवा आहे तो. लहानपणापासून. आणि तो पंजा?"

नेशकानं म्हातारीच्या खांद्यावरची कातडी नीट केली. "जाळला. सगळ्यांनी मिळून. तामूरनं स्वतः आगीत टाकला."

इल्गेनं डोळे मिटले. "माझे हात फार गार पडलेत," ती म्हणाली. नेशकानं ते आपल्या काखेत घेतले आणि ते हलायचे थांबेपर्यंत ती तिथंच बसली.

परत आली तेव्हा तामूर ओर्दुकच्या दारात बसला होता. त्यानं आपल्या वाट्याचं हरणाचं काळीज कापून तिच्यापुढं केलं.

"काही बोलली का?"

"नाही."

"तुला काही बोलायचंय?"

दिवसभर नेशकाच्या पोटात काही नव्हतं. तिनं मांस घेतलं आणि उभ्या उभ्या खाल्लं.

बर्फ वितळायच्या सुमाराला बार्तु मेला. मान फाडलेली होती. सोल्वे तेव्हा तामूरच्या घरात राहत होती आणि शिंग कोश्माकडं गेलं. ते त्यानं फुंकलं. मग हरणांचे कळप उत्तरेला सरकले, तशी वस्तीही उठली. नेशका सगळ्यांच्या पुढं चालत होती, कळपाचा माग बघत. मागं बायका पोरांना गप्प करत होत्या.